तलवारीला गिऱ्हाईक कोण?

अकिरा कुरोसावा यांचा १९६१ सालचा ‘योजिंबो’ तलवारबाजीचा चित्रपट म्हणून ओळखला जातो, आणि तोशिरो मिफुने यांची खांदे उडवीत चालण्याची ढब पाहूनच बहुतेक प्रेक्षक तृप्त होतात. वस्तुतः या चित्रपटात तलवारीहून हिशेब अधिक आहे.

योजिंबो म्हणजे भाडोत्री अंगरक्षक. काळ १८६० चा. तोकुगावा राजवट मोडकळीस आलेली आहे आणि धनी गमावलेला एक सामुराई पोटासाठी रस्ते तुडवीत आहे. एका शेतकऱ्याच्या दारात बापलेकांचे भांडण त्याच्या कानी पडते. पेज पिऊन दीर्घकाळ जगण्यापेक्षा चैन करून लवकर मरू, असे म्हणत मुलगा जुगाऱ्यांच्या टोळीत शिरण्यासाठी घर सोडतो.

पुढे ज्या गावात सामुराई पोहोचतो तेथे सेइबेई आणि उशितोरा या दोन गुंडांचे वैर आहे, असे वरवर दिसते. परंतु सेइबेईच्या मागे रेशमाचा व्यापारी उभा आहे आणि उशितोराच्या मागे दारूच्या भट्टीचा मालक. गावाचे प्रमुखपद कोणाकडे राहावे हा खरा वाद आहे. १८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापारास खुले झाले आणि कच्चे रेशीम ही जपानची प्रमुख निर्यात बनली. चित्रपट याविषयी काही बोलत नाही. तरीही रेशमाच्या गावातील सत्तेला याच सुमारास इतकी किंमत का यावी, हे त्यावरून उमगते. उशितोराच्या धाकट्या भावाच्या हातातील पिस्तूलही त्याच उघडलेल्या दारातून आलेले आहे.

या वैराचा पहिला बळी रेशमाचा बाजार. तो बंद पडतो. धंदा तेजीत असतो तो शवपेट्या करणाऱ्याचा. पण लढाई खरोखर पेटल्यावर तोही कुरकुरतो, कारण इतकी माणसे मरू लागली की पेटीची फिकीर कोणी करीत नाही. हिंसेच्या अर्थकारणावर याहून नेमके भाष्य क्वचितच आढळेल. सरकारी निरीक्षक गावात असेपर्यंत दोन्ही टोळ्या लढाई थांबवून त्याची बडदास्त ठेवतात, हेही विसरता कामा नये.

सामुराई दोघांनाही आपली तलवार विकू पाहतो, भाव वाढवतो आणि त्यांना एकमेकांवर सोडतो. हे पाहताना मजा वाटते, आणि आक्षेप नेमका येथेच आहे. गाव दारेखिडक्या लावून फटीतून पाहत राहते. शेवटी दोन्ही टोळ्या संपतात, दोन्ही धनिकही संपतात, आणि उद्धारकर्ता पाठ फिरवून निघून जातो. १९५४ च्या ‘सेव्हन सामुराई’मध्ये शेतकरी स्वतः हलके धान्य खाऊन सामुराईंना भात देतात आणि बांबूचे भाले घेऊन त्यांच्या बरोबरीने लढतात, विजय त्यांचाच, हे तेथे स्पष्ट सांगितलेले आहे. सात वर्षांनंतर त्याच दिग्दर्शकाला गावात लढणारे कोणी दिसू नये, हे खिन्न करणारे आहे.

अगदीच कोणी नाही, असे मात्र नव्हे. कर्जापायी हिरावलेली एक स्त्री सोडवल्याबद्दल सामुराईला पकडून चेचले जाते, तेव्हा त्याला वाचवतो तो खानावळवाला म्हातारा गोंजी. पहिल्याच दिवशी पैसे नसताना यानेच त्याला भात वाढलेला असतो आणि गाव सोडून जाण्याचा सल्लाही दिलेला असतो. त्याच्याकडे तलवार नाही, पाठीशी व्यापारी नाही. जखमी माणसाला अन्न पोचवताना तो पकडला जातो व बांधून टांगला जातो. सर्जिओ लिओने यांनी १९६४ मध्ये याच कथेवर आपला पाश्चात्त्य चित्रपट बेतला आणि प्रकरण कज्जापर्यंत गेले. जगाने त्यातून उचलला तो एकटा बंदूकवाला; म्हातारा खानावळवाला कोणाच्या लक्षात राहिला नाही.

अखेरच्या झुंजीत तो शेतकऱ्याचा मुलगा आईच्या नावाने हंबरडा फोडतो. सामुराई त्याला जीवदान देऊन घरी पिटाळतो आणि पेज पिऊन दीर्घकाळ जगण्यास सांगतो. बापाच्या शेतात पेजेपुरते तरी पिकते काय, हे कोणी विचारीत नाही.