सरासरी पगाराचे मृगजळ

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असे आपले वाडवडील म्हणत. आज हा क्रम उलटला आहे. संत्र्याच्या बागेत घाम गाळणाऱ्या तिगावच्या शेतकऱ्यालाही आपल्या मुलामुलींनी मोठ्या पगाराची नोकरी करावी असे वाटते. त्यात गैर काहीच नाही. व्यवस्थापनशास्त्राचे उच्च शिक्षणही आता दूर राहिलेले नाही. कलकत्ता व अहमदाबाद येथे १९६१ साली भारतीय व्यवस्थापन संस्था निघाल्या. त्यांची एक भगिनीसंस्था २०१५ साली आपल्या शेजारच्या नागपुरात आली. खाजगी संस्था तर कितीतरी आहेत.

परंतु या शिक्षणासाठी पुष्कळदा कित्येक लाखांचे कर्ज काढावे लागते, आणि ते बहुधा माहितीपत्रकातील ‘सरासरी पगार’ या एकाच आकड्याच्या भरवशावर काढले जाते. हा आकडा किती फसवा असू शकतो, हे आपले शाळेतले गणितच सांगेल. समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वार्षिक ६ लाख व एकाला ५६ लाख रुपये मिळाले. सरासरी येते ११ लाख. पण ११ लाख तर कोणालाच मिळालेले नाहीत! मध्यक काढला तर तो ६ लाखच येतो. शिवाय ज्यांना नोकरीच मिळाली नाही, त्यांना या हिशेबात पुष्कळदा धरलेलेच नसते.

सुगीच्या दिवसांत हे खपून जाते. कंपन्यांचे अधिकारी संस्थेच्या दारी येतात, मुलाखती घेतात, नेमणुका देतात. मंदी आली की कंपन्या प्रथम नवी भरती आखडतात. अशा वेळी संस्थेचे नावही तारतेच असे नाही. अमेरिकेतील हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयातून २०२४ साली बाहेर पडलेल्या व नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांपैकी शेकडा २३ जण तीन महिन्यांनंतरही नोकरीच्या शोधात होते. २०२२ साली हेच प्रमाण शेकडा १० होते. जेथे हार्वर्डची ही स्थिती, तेथे सामान्य संस्थांच्या आश्वासनांवर किती विसंबावे?

कोणी म्हणेल, शिक्षण काय केवळ पगारासाठी घ्यावयाचे? प्रश्न रास्त आहे. परंतु कर्जाचा हप्ता नुसत्या ज्ञानाने फिटत नाही. म्हणून मित्रहो, कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारा. पगाराचा मध्यक किती? एकंदर किती विद्यार्थ्यांपैकी किती जणांना नोकरी मिळाली? आणि हे आकडे संस्थेबाहेरील कोणी तपासले आहेत काय? चांगल्या संस्था ही माहिती स्वतःहून छापतात. जी संस्था उत्तर देण्यास कां कूं करील, तिच्यापासून दूर राहणेच शहाणपणाचे.

संत्र्याचा व्यापारी एकच टपोरे फळ पाहून बागेचा सौदा करीत नाही. तो सबंध बाग फिरून पाहतो. आयुष्याचा सौदा करताना आपण त्याच्याहून कमी सावध का असावे?