वानरांची वाट तुटली की ती आपल्या बांधावर येते



आपल्या भीमाशंकर पट्ट्यात चार शेतकरी जमले की वानरांचा विषय निघतोच. हरभरा खाल्ला, शेवगा ओरबाडला, कौलं फोडली. उपाय एकच ऐकू येतो, "पकडून लांब सोडा." मला तो पटत नाही. एक टोळी नेली तर मोकळ्या जागेत दुसरी यायला वेळ लागत नाही.

लालसर तोंडाचं माकड वेगळं, काळ्या तोंडाचं वानर वेगळं. वानराचं मुख्य खाणं पाला. पोट शेळीसारखं कप्प्याकप्प्यांचं, त्यातले जिवाणू पाला आंबवतात तेव्हा तो अंगी लागतो. जून पाल्यात चोथा जास्त, प्रथिनं कमी. म्हणून टोळी कोवळी पालवी, कळ्या, कच्ची फळं शोधत या झाडावरून त्या झाडावर सरकते. रात्री बिबट्याच्या भीतीनं उंच झाडावर मुक्काम.

ओढ्याकाठी शेंड्याला शेंडा लागलेला असला की टोळी वरच्या वर निघून जाते. मध्ये झाडं नसली की खाली उतरते. खाली कुत्री, गाड्या आणि आपलं पीक. रान शाबूत ठेवलं म्हणजे वानर पिकाला तोंडच लावणार नाही, असं मी म्हणत नाही. हरभऱ्याचा कस पाल्याला नाही, ते त्यालाही कळतं. पण रोजची वाटच शेतातून जाणं आणि कधीतरी येणं, यात फरक आहे ना?

1985 साली इथलं अभयारण्य झालं ते शेकरूसाठी. तेही शेंड्यांवरूनच फिरतं, जमिनीवर क्वचित उतरतं. दोघांची वाट एकच. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळानं जुन्नर-आंबेगावात हिरड्याची झाडं पाडली. आपलं बाळहिरड्याचं उत्पन्न गेलं, तशी वरची वाटही जागोजाग तुटली.

म्हणून माझं मत असं:

👉 राबासाठी खांडणी करा, पण ओढ्याकाठची एक ओळ सोडा.
👉 पडलेल्या हिरड्याच्या जागी हिरडाच लावा. उंबर, जांभूळ बांधावर राहू द्या.
👉 रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंचे शेंडे जुळलेली झाडं वाचवा. तुटलंच तर वरून दोरखंडाचा पूल बांधायची मागणी ग्रामसभेतून करा.
👉 देवदर्शनाला येणाऱ्यांना बिस्किटं टाकू देऊ नका. हातातून खायची सवय लागली की भीती मोडते, मग घरात घुसणं आलंच.
👉 हरभरा घाट्यावर असताना राखण आळीपाळीनं करा. एकट्यानं होत नाही.

नुकसान सोसतो आपण, हे खरंच. त्याचा पंचनामा मागायचाच. पण पुढच्या वर्षी तेच रडगाणं नको असेल तर कुऱ्हाड लावण्याआधी एकदा वर बघा.

तुमच्या शिवारात टोळी कुठून उतरते? जरूर सांगा.