प्राणवायू आणि ठिणगी

ऑक्सिजनला आपल्या भाषेने ‘प्राणवायू’ असे नाव दिले आहे. कदाचित त्या नावामुळेच या वायूपासून अपाय होऊ शकेल, ही शंका कोणाच्या मनास शिवत नाही. वाचकहो, आपल्या घरातील कोणी वेल्डिंग, गॅस कटिंग किंवा गॅरेजचे काम करीत असेल, अथवा घरी एखाद्या रुग्णास ऑक्सिजन लावलेला असेल, तर पुढील मजकूर त्यांना अवश्य वाचून दाखवावा.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही. तो इतर वस्तूंना जळण्यास साहाय्य करतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. बंदिस्त जागेत ते २४ टक्क्यांपर्यंत वाढले, तरी आगीचा धोका पुष्कळ वाढतो. एरवी धुमसत राहिले असते ते कापड भडकून पेटते. या वायूला रंग नाही, गंध नाही. त्यामुळे गळती नाकाला कळत नाही. जानेवारी १९६७ मध्ये ‘अपोलो १’ यानाची जमिनीवर चाचणी चालू असता शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या कक्षात आग लागली आणि तिन्ही अंतराळवीर दगावले.

आपल्याकडील कारखान्यांत एक घातक सवय आढळते. काम संपल्यावर अंगावरील धूळ उडविण्यासाठी किंवा उकाड्यात गारवा मिळावा म्हणून ऑक्सिजनचा झोत कपड्यांवर घेतला जातो. माझ्याकडे आलेल्या एका तरुण कारागिराने असेच केले आणि लगेच बिडी पेटविली. सदऱ्याने क्षणार्धात पेट घेतला. छाती व दोन्ही हात भाजलेल्या त्या मुलास तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले. कापडाच्या धाग्यांत ऑक्सिजन काही काळ अडकून राहतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. कपड्यांवर ऑक्सिजन गेलाच, तर किमान पंधरा मिनिटे मोकळ्या हवेत थांबावे व विस्तवापासून दूर राहावे.

दुसरा शत्रू म्हणजे तेल व ग्रीस. भरलेल्या सिलिंडरमध्ये हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशे पट दाब असतो. अशा ऑक्सिजनच्या संपर्कात तेलाचा ओशटपणा ठिणगीवाचूनही पेटू शकतो. म्हणून व्हॉल्व्ह कितीही घट्ट बसला असला, तरी त्यास तेल लावू नये. तेलकट हाताने वा फडक्याने रेग्युलेटर हाताळू नये. व्हॉल्व्ह सावकाश उघडावा. तो झटक्यात उघडल्यास वायू एकदम दाबला जाऊन उष्णता निर्माण होते. सिलिंडर उभा व साखळीने बांधलेला असावा. काम थांबताच त्याचा व्हॉल्व्ह बंद करावा. टॉर्च नळीसह बंद खोलीत सोडून जेवावयास जाऊ नये.

घरातील रुग्णाबाबतही हेच तत्त्व लागू पडते. देवघरातील निरांजन, उदबत्ती व स्वयंपाकाची शेगडी यांपासून ऑक्सिजन किमान दहा फूट लांब ठेवावा. खोलीत कोणीही धूम्रपान करू नये. रुग्णाचे ओठ वा नाक कोरडे पडल्यास पेट्रोलियम जेली लावू नये. पाण्याचा अंश असलेले, तेलविरहित मलम डॉक्टरांना विचारून वापरावे. नाकातील नळी काढल्यावर यंत्र चालू ठेवून ती अंथरुणावर टाकू नये. चादरीत वायू साठत राहतो.

दुर्दैवाने कोणाच्या कपड्यांनी पेट घेतल्यास त्यास धावू देऊ नये. जमिनीवर लोळवावे आणि शक्य असल्यास ऑक्सिजन बंद करावा. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने जखम सैलसर झाकून रुग्णालय गाठावे.

आज रात्री जेवताना घरच्या कारागिरास एकच प्रश्न विचारा: “कपडे झटकायला काय वापरता?” उत्तर ‘ऑक्सिजन’ असे आले, तर ती सवय उद्यापासून बंद झाली पाहिजे.