आडनावातला 'ळ'

चिनी भाषेत 'ली' ही आडनावे एकाहून अधिक आहेत. चिन्हे निराळी, उच्चारातले सूरही निराळे. रोमन लिपीत मात्र सारी एकच. तिथे लिपीच परकी, तक्रार कोणाजवळ करायची? आमच्या डोईफोडियात ही सोय नाही. बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या या भागात घरात मराठी नि दप्तरात हिंदी, लिपी दोहोंची देवनागरीच. तरी दप्तरात शिरताच काळ्यांचे 'काले' आणि भोळ्यांचे 'भोले' होतात! एका कागदावर काळे, दुसऱ्यावर काले. मग माणूस एकच हे पटवायला शपथपत्र. आणि जे मुळातच काले आहेत त्यांनी कुठे जावे? रोमनमधून परतताना साठ्यांचे 'साथे' होण्याचे भय वेगळेच.

'हिंदीत ळ नाही' ही सबब लंगडी आहे. हिंदीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'ल'च्याच कळीवर, शिफ्ट दाबली की, 'ळ' उमटतो. आपल्या कन्नड विभागातील मित्रांनाही, हुबळीची 'हुबली' वाचताना, हे दुखणे ठाऊक असेल. तेव्हा मराठी विद्यार्थ्यांनी प्रवेश-अर्जात 'ळ' ठसठशीत लिहावा, आणि दाखला हाती पडताच खिडकीवरच तपासून घ्यावा.