जोर नको, माहिती हवी



भाव, वीज, पाणी हे आपल्या बैठकीचे नेहमीचे विषय. या वेळी मी स्पार्क प्लगवर लिहितो आहे, याचे काहींना नवल वाटेल. शे-दोनशे रुपयांची वस्तू, तिच्यावर लेख कशाला? पण हीच वस्तू इंजिनाच्या हेडमध्ये गंजून बसली आणि कुणी ती हिसका मारून काढायला गेला, तर हजारो रुपयांचे हेड खराब होते. ऐन तोड्यात गाडी चार दिवस गॅरेजच्या दारात उभी राहते. तोडलेला टोमॅटो चार दिवस थांबत नाही. मग दुसऱ्याची गाडी तो सांगेल त्या भाड्याने करावी लागते. अडत्याच्या पट्टीवर हमाली दिसते, तोलाई दिसते, भाडे दिसते. आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा रकाना तिथे नसतो. म्हणून तो खर्च आपण हिशेबात धरत नाही, आणि जो खर्च धरत नाही तो कमी करण्याचा विचारही करत नाही.

कोणत्या गाडीचा प्रश्न?

डिझेल पिकअपला स्पार्क प्लग नसतो. तिथे डिझेल दाबाच्या उष्णतेने पेटते. फार तर थंडीत सुरू होण्यासाठी हीटर प्लग असतो, आणि तोही असाच जाम होतो. स्पार्क प्लग असतो पेट्रोल आणि सीएनजी गाडीला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यानंतर लहान मालगाड्यांमध्ये पेट्रोल आणि सीएनजीची चलती वाढली. भाजीपाला, फुले, दूध नेणाऱ्या कितीतरी घरांत आज अशी गाडी आहे. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे प्लगची झीज पेट्रोलपेक्षा लवकर होते. म्हणजे ज्या गाडीचे प्लग जास्त वेळा बघायला हवेत, तीच गाडी आता आपल्या दारात आली आहे.

आणि आपण बघतो का? बहुतेक लहान मालगाड्यांचे इंजिन सीटखाली असते. सीट उचलल्याशिवाय प्लग दिसत नाही. जे दिसत नाही ते आठवत नाही. गाडी मिसिंग करायला लागली, चढाला ओढेनाशी झाली, की मग पाना शोधायचा. तोवर प्लग तीन-चार वर्षे जागचा हललेला नसतो.

प्लग जाम होतो कशाने?

पूर्वीच्या जीपचे हेड बिडाचे होते. आताचे हेड ॲल्युमिनियमचे आणि प्लगचे अंग पोलादाचे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून बसले आणि मध्ये ओल शिरली, की बॅटरीत चालते तशीच क्रिया तिथे सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. ती आट्यांत भरते आणि प्लग हेडला जखडून टाकते. वर दिसणारा तांबडा गंज पोलादाचा, आणि आतले खरे कुलूप या पांढऱ्या भुकटीचे.

शेतीचे शिक्षण घेतलेला माणूस म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याच गाडीतून खताच्या गोण्या येतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला खड्डे पाडते. खताची धूळ हवेतली ओल धरते. कोकणातल्या भावांना खारी हवा वेगळी सांगायला नको. त्यात आपण वॉशिंग सेंटरवर गाडी नेतो आणि पोरगा प्रेशरचा फवारा थेट इंजिनावर मारतो. प्लग खोल विहिरीसारख्या भोकात बसलेला असतो. वरचे रबर चिरलेले असेल तर पाणी आत जाते आणि तिथेच राहते. गाडी चकचकीत होते आणि प्लग गंजायला लागतो.

जाम प्लग काढायचा कसा?

पहिला नियम असा, की पान्याला पाइप लावून जोर करायचा नाही. पोलाद कडक आणि ॲल्युमिनियम मऊ. जोर लावला की प्लगबरोबर हेडचे आटेही सोलून बाहेर येतात.

सीएनजी गाडी असेल तर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. गॅस किंवा पेट्रोलच्या गाडीवर टॉर्चची ज्योत मारून हेड तापवायचे धाडस कुणीही करू नये. कॉइल किंवा वायर काढली की डोळे सांभाळून कॉम्प्रेसरच्या हवेने भोकातली माती उडवून टाका. ती राहिली तर प्लग निघताक्षणी सिलिंडरमध्ये पडेल.

मग गंज सोडवणारे पातळ तेल प्लगच्या बुडाशी थोडे सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी इंजिन कोमट असावे, म्हणजे हात ठेवता येईल इतकेच. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, त्यामुळे कोमट हेडमध्ये आटे किंचित सैल होतात. पण इंजिन तापलेले असताना हात घालू नका. त्या वेळी आटे लवकर सोलतात. रोजच्या कामात, प्लग जाम नसताना, थंड इंजिनवरच प्लग काढावा.

सहा कोनांचा बॉक्स पाना सरळ बसवा. तो तिरका झाला तर चिनीमातीचा भाग फुटतो. प्लग फेऱ्याच्या आठव्या हिश्शाइतकाच सोडवा, घड्याळाच्या काट्याने सात मिनिटांइतका. किरकिर आवाज आला किंवा हाताला अडल्यासारखे वाटले तर थांबा. पुन्हा तेल सोडा, थोडे उलटे कसा, पुन्हा सोडवा. या पुढे-मागे करण्याने भुकटी दळली जाते आणि तेल आत उतरते. एका प्लगला एक तास लागला तरी चालेल. षटकोन गोल झाला किंवा वरचा भाग तुटून हातात आला, तर तिथेच थांबून जाणत्या मिस्त्रीकडे जा. आटे गेलेच तर हेड टाकून द्यावे लागते असे नाही. भोक मोठे करून, नवे आटे पाडून त्यात हेलिकॉइल बसवता येते. हेड बदलायला सांगणाऱ्याला हा प्रश्न आधी विचारा.

नवा प्लग लावताना आटे पुसून घ्या. प्लगच्या डोक्याला पेट्रोलच्या नळीचा तुकडा घालून हाताने फिरवा. आटे वाकडे पकडले तर नळी घसरते आणि हेड वाचते. १४ मिलिमीटर आट्यांचा, वॉशरवाला नवा प्लग असेल तर हाताने घट्ट झाल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. तोच जुना प्लग परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरे. टॉर्क पान्याने मोजायचे तर १४ मिलिमीटरला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, म्हणजे फूटभर टॉमीच्या टोकाला नऊ-दहा किलोंचे वजन टांगावे तितका जोर. १२ मिलिमीटरचा प्लग असेल तर १५ ते २० न्यूटन-मीटर. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. आट्यांना ग्रीस फासण्याची आपल्याकडे सवय आहे. मुलामा दिलेल्या प्लगला त्याची गरज नसते, आणि ग्रीस लावून नेहमीचाच जोर दिला तर प्लग जास्त कसला जातो.

अमेरिकेतली गोष्ट

कुणी म्हणेल, हा आपल्या खेड्यातल्या अडाणीपणाचा प्रश्न आहे. तसे नाही. अमेरिकेत फोर्डची एफ-१५० पिकअप शेतकऱ्यांच्या दारात सर्रास असते. २००४ पासूनच्या काही वर्षांच्या मॉडेलमध्ये ५.४ लिटरचे, प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह असलेले इंजिन होते. त्याच्या प्लगचे खालचे टोक लांब, बारीक नळीसारखे आणि वेगळा तुकडा जोडून केलेले होते. त्या नळीभोवती काजळी साचे. प्लग बदलायची मुदत १ लाख मैल, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर. तोवर कुणी हात लावत नसे. मग प्लग काढायला गेले की खालचा तुकडा हेडमध्येच तुटून राही.

तिथे उपाय कसा निघाला? कंपनीने आपल्या दुरुस्ती केंद्रांसाठी तांत्रिक परिपत्रके काढली. प्लग आठवा हिस्सा फेराच सोडवा, ठरलेले द्रव्य मोजून भोकात सोडा, थांबा, मग पुढे-मागे फिरवा. स्वतंत्र अवजारे बनवणाऱ्यांनी तुटलेला तुकडा ओढून काढणारे खास अवजार बाजारात आणले. ही माहिती साध्या गॅरेजवाल्यापर्यंत पोचली, म्हणून कामे निभावली. दोष कारखान्याच्या आराखड्यात होता. त्यातून सुटका झाली ती योग्य पद्धत आणि योग्य अवजार कामगाराच्या हातात पडल्यामुळे.

आपल्याला ही माहिती कोण देते?

गाडी घेताना जे पुस्तक मिळते त्यात सीटबेल्ट कसा लावावा हे असते. प्लग किती कसावा हे बहुधा नसते, आणि असले तरी मराठीत नसते. तो आकडा दुरुस्तीच्या पुस्तकात असतो, आणि ते पुस्तक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये असते. उघडून बघतो म्हटले की काउंटरवरचा मुलगा सांगतो, "वॉरंटी जाईल." कोणत्या कलमाने जाईल, हे तो लिहून देत नाही. चोरवाटेने मिळालेल्या अर्ध्या माहितीवर तालुक्याचा मिस्त्री काम करतो, आणि बिघडले की शिव्याही तोच खातो.

ही तक्रार आपणच करतो आहोत असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची उपकरणे आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजाराला मिळू न देणे हा त्यांच्यावरचा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची यंत्रे आणि मोटारगाड्या दोन्ही आहेत. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झाले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीला वाटले तर ती तिथे माहिती ठेवेल. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने एप्रिल २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी कायदाच केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. उत्पादकाने पुस्तके, भाग, अवजारे शेतकऱ्याला आणि स्वतंत्र मिस्त्रीला द्यायचीच, असे त्यात बंधन आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी ते मागून घेतले.

काही जण विचारतात, उद्या शेतकरी गॅसच्या नळीलाही हात घालेल, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. सीएनजीची टाकी, रेग्युलेटर, उच्च दाबाची नळी यांना अधिकृत माणसाशिवाय कुणी हात लावू नये. टाकीची दर तीन वर्षांची चाचणी चुकवू नये. पण त्या धोक्याची ढाल पुढे करून प्लग, फिल्टर, पट्टा यांचीही माहिती दाबून ठेवणे चालणार नाही. जिथे जिवाचा धोका आहे तिथे बंधन असावे, बाकी सगळे खुले असावे.

बैठकीने काय ठरवावे?

माझी सूचना अशी की जिल्हा बैठकीने तीन मागण्यांचा ठराव करून खासदारांना आणि ग्राहक व्यवहार विभागाला पाठवावा. एक, प्रत्येक मालगाडीबरोबर मराठीत दुरुस्तीची पुस्तिका मिळावी, तिच्यात प्लगचा नंबर, आट्यांचे माप, कसण्याचा आकडा आणि बदलण्याची मुदत असावी. दोन, कंपनीच्या वर्कशॉपला मिळतात ते भाग आणि ती अवजारे रास्त किमतीत कोणत्याही मिस्त्रीला मिळावीत. तीन, कोणत्या कामाने वॉरंटी जाते आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे गाडी विकतानाच लेखी द्यावे.

मागण्या करून हातावर हात ठेवून बसायचे नाही. गावातल्या दहा गाडीवाल्यांनी मिळून एक टॉर्क पाना घ्यावा. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग असेल तर तिथल्या निदेशकांना एक दिवस बोलवावे आणि त्यांच्यासमोर एक प्लग काढून लावावा. त्या दिवशी घरातल्या मुलींनाही पुढे बसवावे. आपल्या मिस्त्रीला सबुरीने काम करायला वेळ द्यावा आणि त्या वेळेचे पैसे द्यावेत. घामाचा दाम आपण मागतो, तो त्यालाही लागू आहे.

आणि खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. पावसाळा नुकताच सरलेला असतो, गाडीत ओल शिरलेली असते. यंदा हळदकुंकू लावण्याआधी सीट उचला, थंड इंजिनवर चारही प्लग एकदा सोडवून बघा, पुसा, रबरे तपासा, परत मापात कसा. सगळा मिळून तासाभराचा खेळ आहे. ज्याचा प्लग हलत नाही त्याने तो तसाच ठेवून बैठकीला गाडी घेऊन यावे. तिथे सगळ्यांसमोर काढू.