गाडी माझी, आवाज भाड्याचा

तर मंडळी, गेल्या शनिवारी बाबांना घेऊन दादरहून गिरगावात चाललो होतो. परळच्या सिग्नलला गाडीच्या स्क्रीनवर मेसेज आला: कनेक्टेड सेवांची मुदत संपत आली आहे, रिन्यू करा. म्हणजे ऑनलाइन रेडिओ, लाइव्ह नकाशा, मोबाइलवरून लॉक, सगळं बंद होणार. च्यायला, गाडीचा हप्ता अजून चालू आणि वर ही वेगळी वर्गणी! शोरूममध्ये पेढा देताना हे कुणी बोललं नव्हतं.

बाबा म्हणाले, "चाळीतल्या काकांच्या वर्ल्डस्पेससारखंच झालं की रे हे."

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी: वर्ल्डस्पेस म्हणजे सॅटेलाइट रेडिओ. एशियास्टार हा उपग्रह २००० साली वर गेला. जाहिरातीत ए. आर. रहमान, मध्ये एकही जाहिरात नाही, आणि 'गंधर्व' चॅनलवर दिवसभर शास्त्रीय संगीत. काकांची गॅलरी पूर्वेला, त्यामुळे कठड्यावर अँटेना ठेवला की सकाळी अख्ख्या मजल्याला भैरव फुकट.

काकांना तोच रेडिओ गाडीतही हवा होता. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने सरळ सांगितलं, "बसवून देतो, पण गाडी उभी करून ऐका."

तेव्हा मी शाळेत होतो. आता इंजिनियर झाल्यावर गणित मांडलं, तर दुकानदार बरोबर होता. उपग्रह १०५ अंश पूर्व रेखांशावर. मुंबईतून तो पूर्वेला, थोडा दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ४७ अंश वर. म्हणजे त्या बाजूला जेवढी उंच इमारत, जवळजवळ तेवढ्या अंतरापर्यंत तिच्या आडोशाला सिग्नल नाही. लालबाग-परळच्या रस्त्यावर चालत्या गाडीत काय होणार? दोन ताना आणि मग शांतता. अमेरिकेत २००१ साली एक्सएम रेडिओ सुरू झाला, तेव्हा त्यांनी शहरांमध्ये जमिनीवर रिपीटर उभारले होते. आपल्याकडे ट्रायने सॅटेलाइट रेडिओबद्दल २००५ मध्ये शिफारशी दिल्या. पण रिपीटरचं जाळं काही उभं राहिलं नाही.

पण माझं भांडण सिग्नलशी नाहीच. ते पुढे जे झालं त्याच्याशी आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. मालमत्ता घेऊ पाहणाऱ्याला भारतातला धंदा नको होता. ३१ डिसेंबर २००९ ला इथली सेवा बंद. कंपनीचे जगभरात एक लाख सत्तर हजारांवर ग्राहक होते आणि त्यातले बहुतेक सगळे भारतातले! एक जानेवारीला त्यांच्या घरातला तो महागडा रिसीव्हर पेपरवेट झाला. उलट जुना एफएम ट्रान्झिस्टर आजही कुठलंही एफएम स्टेशन पकडतो, कारण एफएम कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही.

आता कुणी म्हणेल, सर्व्हर काय फुकट चालतो? उपग्रह काय फुकट वर जातो? मान्य. मी स्वतः पोट भरतो ते सर्व्हर चालवूनच. सेवेचे पैसे जरूर घ्या. पण २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत सीट गरम करायची सोयसुद्धा महिन्याच्या वर्गणीवर ठेवली होती. हीटर सीटमध्ये बसवलेलाच, फक्त बटण भाड्याने! लोक भडकले, तेव्हा २०२३ मध्ये ते मागे घेतलं. आणि पैसे भरूनही खात्री नाहीच. त्याच २०२२ मध्ये अमेरिकेत ३जी नेटवर्क बंद झालं, आणि चांगल्या चालत्या गाड्यांमधल्या कनेक्टेड सोयी गेल्या.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. एक, गाडीच्या किमतीशेजारीच दहा वर्षांची वर्गणी छापा. दोन, जे यंत्र गाडीत आहे आणि सर्व्हरशिवाय चालू शकतं, ते वर्गणी संपली तरी चाललंच पाहिजे. तीन, आगाऊ घेतलेली वर्गणी वेगळ्या खात्यात ठेवा. दुकान बंद केलंत तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा.

यात क्रांतिकारक काहीच नाही. ज्या लालबागमधून आम्ही चाललो होतो, तिथल्या पोरालाही वर्गणीचा हिशेब कळतो. गणपतीची पावती फाडली की मंडळाला जमाखर्च मांडावा लागतो. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांकडून आपण तेवढंही मागत नाही, कारण नव्या गाडीच्या वासात सगळ्या अटींवर 'आय अ‍ॅग्री' दाबून मोकळे होतो. मीही दाबलं होतं, खोटं कशाला बोलू!

असो. मी रिन्यू केलं नाही. गिरगावात पोचेपर्यंत साधा एफएम लावला. जाहिराती भरपूर होत्या, पण पुलाखालीसुद्धा आवाज तुटला नाही. पुढची गाडी घ्याल तेव्हा सेल्समनला मायलेजच्या आधी एकच विचारा: "तुमची कंपनी उद्या बुडाली, तर यातलं काय काय चालू राहील?"