सुट्टीतील विजेचा हिशेब

इंग्लंडच्या नैऋत्येस असलेल्या डेव्हन आणि कॉर्नवॉल या परगण्यांतील समुद्राकाठची कुरणे ऑगस्ट महिन्यात तंबूंनी आणि कॅराव्हॅननी भरून जातात. मोटारीमागे जोडून न्यावयाचे चाकांवरचे घर म्हणजे कॅराव्हॅन. इंजिनासह एकाच वाहनात सामावलेले घर म्हणजे मोटरहोम. जागेचा मालक एखादा शेतकरी असो वा मोठी कंपनी असो, कुरणाचे चौकोन आखलेले असतात, त्यांतील पुष्कळ चौकोनांशी एक बुटका खांब उभा असतो आणि त्या खांबावर निळ्या रंगाचे सॉकेट असते. पाहुण्याने आपली जाड केशरी केबल तेथे जोडली की चाकांवरच्या घरात दिवा लागतो, शीतकपाट गार होऊ लागते आणि संसार मांडला जातो. या जोडणीस तिकडे ‘हुकअप’ म्हणतात.

या हुकअपसाठी रात्रीमागे ठरावीक रक्कम घ्यावयाची, किंबहुना ती जागेच्या भाड्यातच मिसळून टाकावयाची, अशी रीत ब्रिटनमध्ये दीर्घकाळ रूढ झाली. वीज स्वस्त होती तोवर कोणी किती वापरली याची विचारपूस करण्याचे कारण नव्हते. मोजमापाचा खर्च मोजल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा अधिक, असा तो मामला होता. २०२२ मध्ये हे चित्र पालटले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, आधीच चढू लागलेले नैसर्गिक वायूचे भाव गगनाला भिडले, आणि ब्रिटनमधील विजेचा घाऊक भाव बहुतेक वेळा वायूवर चालणारी केंद्रेच ठरवीत असल्यामुळे वीजही त्यांच्यामागोमाग महागली. घरगुती ग्राहकासाठी युनिटचा दर २०२१ च्या अखेरीस सुमारे २१ पेन्स होता; एप्रिल २०२२ मध्ये तो सुमारे २८ पेन्स झाला आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने हस्तक्षेप करूनही ३४ पेन्सांवर गेला. पुढे दर उतरले; तथापि २०२५ मध्येही ते २०२१ च्या पातळीच्या वरच राहिले.

कॅम्पसाइटच्या मालकाची स्थिती घरगुती ग्राहकाहून बिकट होती. ऑफजेम ही तेथील नियामक संस्था घरगुती दरांवर कमाल मर्यादा घालते. व्यावसायिक जोडणीस त्या मर्यादेचे संरक्षण नाही. ज्यांचे करार नेमके त्या वर्षी नूतनीकरणास आले, त्यांना नवा दर पाहून धक्का बसणे स्वाभाविक होते. परिणामी ‘विजेचे पैसे कसे घ्यावेत’ हा एरवी कुरणाच्या फाटकाशी मिटणारा प्रश्न एकाएकी धंद्याच्या मुळाशी येऊन ठेपला.

सरसकट रकमेतील दोष आकड्यांत मांडला म्हणजे स्पष्ट होतो. समजा, मालकास युनिट ३० पेन्सांना पडते आणि तो रात्रीमागे ५ पौंड घेतो. एका चौकोनात निवृत्त दांपत्य उतरले आहे. त्यांचे शीतकपाट दिवसाला सुमारे तीन युनिट घेते. दिवे, भ्रमणध्वनी आणि दोन वेळचा चहा धरून चार युनिट झाले. त्यांना युनिट सव्वा पौंडास पडले. शेजारच्या चौकोनातील कुटुंबाने रात्री थंडी वाजते म्हणून दोन किलोवॉटचा हीटर आठ तास चालविला. एवढ्यानेच सोळा युनिट झाले. पलीकडच्या पाहुण्याने त्याच सॉकेटवर आपली विजेची मोटार रात्रभर लावली. १० अँपिअरने दहा तासांत २३ युनिट मोटारीच्या बॅटरीकडे गेले आणि घरातला वापर धरून बेरीज पंचविसावर पोहोचली. या पाहुण्यास युनिट २० पेन्सांना, म्हणजे मालकाच्या खरेदीपेक्षाही स्वस्त मिळाले. मालकाचे येथे अडीच पौंड गेले. ते त्याने निवृत्त दांपत्याकडून आधीच वसूल केले आहेत. काटकसर करणाऱ्याने उधळपट्टीचा भार वाहावा, अशी ही व्यवस्था आहे. दर वाढले की मालक पाचाचे सात करतो, मग काटकसरी पाहुणाही ‘पैसे भरलेच आहेत’ म्हणून हीटर लावतो, आणि मालकास पुढल्या हंगामात सात पौंडही अपुरे पडतात.

यावर उपाय मीटरचा आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील अनेक कॅम्पसाइटवर येताना आणि जाताना मीटरचे आकडे टिपून युनिटाप्रमाणे पैसे घेण्याची पद्धत फार जुनी आहे आणि तेथील पाहुण्यांना तिचे काही वाटत नाही. ब्रिटनमध्येही वर्षभर एकाच जागी राहणाऱ्या कॅराव्हॅनांना मीटर असतात. मात्र मीटर बसविणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग होय. युनिटला दर कोणता लावावयाचा, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

ब्रिटनमध्ये याविषयी एक नेमका नियम आहे आणि तो मुळातून पाहण्यासारखा आहे. घरगुती वापरासाठी वीज पुन्हा विकणाऱ्याने, मग तो घरमालक असो वा कॅराव्हॅनच्या जागेचा मालक, ती स्वतः ज्या दराने घेतली त्याहून अधिक दराने विकू नये, असे ऑफजेमने १ जानेवारी २००३ पासून ठरवून दिले. मालकाच्या बिलातील स्थिर आकार त्यास पाहुण्यांमध्ये वाटून घेता येतो. युनिटावर नफा मात्र चढविता येत नाही. विजेच्या मोटारीचे चार्जिंग या मर्यादेतून वगळलेले आहे. या नियमातील विवेक असा की, खांबाशी उभ्या असलेल्या पाहुण्यास दुसरा विक्रेता निवडण्याची मुभाच नसते. जेथे स्पर्धा नाही तेथे भाव मालकाच्या सद्बुद्धीवर सोडणे बरे नव्हे.

मग मालकाने कमवावे कोठून? जमिनीखालून केबल नेण्यासाठी चर खणावे लागले, खांब रोवावे लागले, प्रत्येक सॉकेटला गळतीरोधक स्विच बसवावा लागला, ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी लागते. हा खर्च खरा आहे आणि तो पाहुण्याने दिलाच पाहिजे. तथापि तो विजेचा खर्च नव्हे, जागेचा आहे. पाहुण्याने चार युनिट वापरली काय किंवा पंचवीस, चर तेवढाच खणला गेला. स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतील भेद बँकेच्या वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. खेद इतकाच की सरसकट रक्कम या दोहोंचा लगदा करते. जोडणी असलेल्या जागेचे भाडे जोडणी नसलेल्या जागेहून उघडपणे अधिक असावे, त्यात मालकाचा नफाही असावा, आणि युनिटची ओळ पावतीवर निराळी, खरेदीच्या दराने यावी. २०२२ च्या हिवाळ्यात या वेगळेपणाचे महत्त्व आणखी एका कारणाने दिसून आले. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ या काळात ब्रिटिश सरकारने व्यावसायिक ग्राहकांसाठी विजेचा घाऊक भाग युनिटमागे २१.१ पेन्सांवर बांधून दिला आणि मध्यस्थाने हा लाभ अंतिम वापरकर्त्यास पोहोचविलाच पाहिजे, असा कायदा केला. ज्याच्या पावतीत विजेची ओळच नाही, त्याने हा लाभ पोहोचविला हे दाखवावयाचे तरी कसे?

मीटरविरुद्ध आक्षेप आहेत आणि ते सर्वच पोकळ नाहीत. सुट्टीवर आलेल्या माणसास प्रत्येक दिव्याचा हिशेब नको असतो, हा त्यांतला सर्वांत दुबळा. तोच माणूस पेट्रोल लिटरने आणि दूध बाटलीने विकत घेऊनच तेथवर आलेला असतो. लहान मुलांसह वा आजारी सोबत्यासह आलेल्यास थंडीच्या रात्री हीटर लावताना मन मारावे लागेल, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु खरेदीच्या दराने त्या रात्रीची किंमत पाच पौंडांच्या आतबाहेर राहते आणि ती आधी ठाऊक असते. सर्वांत वजनदार आक्षेप लहान जागांचा आहे. पाच कॅराव्हॅनांपुरते कुरण असलेल्या शेतकऱ्याने पाच मीटर बसवून, आकडे टिपून, भांडणे मिटवून शेवटी वाचवावे किती? अशा ठिकाणी सरसकट आकार राहू द्यावा, पण तो ऋतूप्रमाणे बदलावा. जुलैतील पाहुण्याकडून नोव्हेंबरच्या हीटरचे पैसे घेण्यास काही आधार नाही.

फ्रान्समध्ये मधला मार्ग आढळतो. तेथे ६ अँपिअर, १० अँपिअर अशा जोडण्या वेगवेगळ्या भावाने मिळतात. कुरणाखालच्या केबलवर एकाच वेळी किती ताण यावा हे यामुळे आटोक्यात राहते. हा लाभ थोडा नव्हे, कारण पन्नास चौकोनांनी एकाच वेळी १६ अँपिअर ओढले तर १८४ किलोवॉटचा भार होतो आणि कोणत्याही शेतावरची जोडणी तेवढी गृहीत धरून टाकलेली नसते. घरची तीन किलोवॉटची किटली चालू करताच खटका पडतो आणि चहा राहून जातो, हा अनुभव त्या पाहुण्यांना नवा नाही. परंतु अँपिअर म्हणजे नळाची जाडी. पाणी किती वाहिले ते त्यातून कळत नाही. ६ अँपिअरची जोडणी दिवसभर पूर्ण क्षमतेने वापरली तर ३३ युनिट होतात.

हा प्रश्न भारतात परका राहिलेला नाही. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. शेतावर खोल्या आणि तंबू उभारून पाहुणे ठेवणारे शेतकरी बँकेकडे कर्जासाठी येतात. येथे ब्रिटिश पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२ नुसार परवान्यावाचून विजेचे वितरण वा व्यापार करता येत नाही. राहण्याच्या सोयीचा भाग म्हणून तंबूत दिवा देणे निराळे आणि युनिटमागे दर लावून वीज विकणे निराळे. घरभाड्याच्या बाबतीतही ही अडचण ओळखीची आहे. दिल्लीत भाडेकरूंना सवलतीच्या दराचा लाभ मिळावा म्हणून २०१९ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रीपेड मीटरची योजना आणावी लागली.

वीज विकता येत नसली तरी ती मोजता येते. तंबूंच्या प्रत्येक रांगेस स्वतःच्या माहितीसाठी सबमीटर बसविणाऱ्या शेतकऱ्यास, दिव्या-पंख्याच्या तंबूची रात्र आणि गीझर वा वातानुकूलन असलेल्या खोलीची रात्र आपल्याला कितीला पडते, हे एका हंगामात समजते. त्यावरून दोन्हींची भाडी वेगळी ठेवता येतात. कर्जप्रस्तावातील प्रकल्प अहवालात ‘वीजखर्च’ अशी एकच गोळाबेरीज असेल, तर शाखेतील अधिकाऱ्याने हा प्रश्न अवश्य विचारावा. विजेच्या मोटारीची गोष्ट आणखी सोपी आहे. चार्जिंग ही सेवा असून तिच्यासाठी वितरणाचा परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा जेवण-निवासाच्या दरात चार्जिंग ‘मोफत’ म्हणून लिहिण्याऐवजी त्यासाठी निराळे सॉकेट, निराळा मीटर आणि आरक्षणाच्या पावतीवर निराळी ओळ ठेवण्यास शेतकऱ्याला कोणाचीही आडकाठी नाही.